बडोद्यातील बंद घरे, चढती भाडी आणि सरकारी गृहनीती

दांडियाबाजारकर :

बडोद्यात भाड्याने घर शोधणाऱ्याला सध्या दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. वासणा-भायली रस्त्याने किंवा गोत्रीच्या पुढे संध्याकाळी गेलो, तर नव्या सोसायट्यांमध्ये मजलेच्या मजले अंधारात असतात. त्याच रस्त्यावरच्या दलालाला विचारले, तर तो सांगतो की सध्या हातात काही नाही, आणि जे आहे त्याचे भाडे गेल्या खेपेपेक्षा वाढलेले आहे. घरे आहेत, पण भाड्याची घरे नाहीत. यात सरकारी धोरणाचा वाटा किती आहे, यावर इथल्या जाणकारांनी लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी देशपातळीवरचे आकडे. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत या प्रश्नाची स्वतंत्र दखल आहे, आणि एकूण घरांच्या तुलनेत रिकाम्या घरांचे प्रमाण सर्वाधिक असलेले राज्य म्हणून तिथे गुजरातचे नाव आहे. हे प्रमाण सुमारे १९ टक्के होते. त्याच पाहणीनुसार १९६१ साली शहरांतील ५४ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती, तर २०११ साली केवळ २८ टक्के. या घसरणीचा काही भाग लोकांची ऐपत वाढल्यामुळे असेल, हे मान्य. पण ऐपत वाढल्याने घरे कुलूपबंद का पडावीत, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

माझ्या मते उत्तराचा पहिला धागा जुन्या भाडे कायद्यात आहे. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा आपल्याकडेही आला. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, तरी कायदा तोच राहिला. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हाच या कायद्यातील 'प्रमाण भाड्या'चा, म्हणजे मालकाला घेता येणाऱ्या कमाल भाड्याचा, पाया. युद्धकाळातील टंचाईत भाडेकरूला संरक्षण मिळावे, हा हेतू योग्यच होता. परंतु तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पिढ्यान्‌पिढ्या चालला.

आमच्या दांडिया बाजारातील वाड्याच्या जुन्या पावत्या माझ्याकडे आहेत. लाल कापडी पाठीचे पुस्तक, जांभळी कार्बनप्रत, आणि आजोबांच्या अक्षरात 'मागील खोली व ओसरी, महिना रुपये अठरा'. पुढच्या पुस्तकांत अक्षर वडिलांचे आहे, मग काकांचे, आणि आकडा मात्र अठराच. मागच्या खोलीवरची सागवानी तुळई खचली, तेव्हा ती बदलण्याचा सुताराचा अंदाज त्या खोलीच्या कित्येक वर्षांच्या भाड्याहून अधिक होता, म्हणून खाली टेकू लावून दिवस काढले. मांडवीपासून वाडीपर्यंत असे टेकू किती घरांना आहेत, ते तिथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

मात्र भाडे गोठल्यापेक्षाही मोठे नुकसान मला वेगळेच वाटते. दिलेले घर आपल्याला हवे तेव्हा परत मिळणार नाही, ही भीती या कायद्याने मालकांच्या मनात कायमची बसवली, आणि ज्या नव्या घरांचा जुन्या प्रमाण भाड्याशी काडीचाही संबंध नाही, ती घरेसुद्धा आज त्याच भीतीपोटी बंद आहेत. दुसऱ्या बाजूला, सरकारने सगळी मदत घर विकत घेणाऱ्याला दिली आणि भाड्याने राहणाऱ्याला जवळजवळ काहीच दिले नाही. पुरवठा आटला तो या दोन्ही बाजूंनी मिळून.

मांजलपूरवासी :

बंद घरांच्या मालकांपैकी मी एक आहे, म्हणून आमची बाजू मांडतो. निवृत्तीच्या पैशातून मुलासाठी भायलीला दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर असा फ्लॅट घेतला. मुलगा कॅनडात गेला आणि परत येण्याचे चिन्ह नाही. सुरुवातीला एका कुटुंबाला अकरा महिन्यांच्या कराराने घर दिले. माणसे सभ्य होती. परंतु त्यांची नोकरी गेली, भाडे थकले, करार संपला, तरी घर सुटले नाही. मी त्यांना रस्त्यावर काढू शकत नव्हतो आणि काढावे असे वाटतही नव्हते. पण तक्रार कुठे करावी आणि ती किती दिवसांत ऐकली जाईल, हे मला कोणी सांगू शकले नाही. शेवटी थकलेले भाडे सोडून, उलट सामान हलवण्याचा टेम्पो मी करून दिला, तेव्हा किल्ली हातात आली.

तेव्हापासून घर बंद आहे. गिझरवरचे कंपनीचे स्टिकर अजून तसेच आहे, दर महिन्याला जाऊन नळ सोडून येतो, आणि वेरा (घरपट्टी), लाईट बिलाचा किमान आकार व सोसायटीचा मेंटेनन्स न चुकता भरतो. आता हिशेब पाहा. पन्नास लाखांचा फ्लॅट महिना तेरा हजारांनी दिला, तर वर्षाचे एक लाख छप्पन्न हजार झाले, म्हणजे किमतीच्या सव्वातीन टक्क्यांहूनही कमी. त्यातून मेंटेनन्स, रंगकाम आणि दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने वजा करायचे. बँकेची मुदत ठेव विनाकटकट याहून जास्त देते. एवढ्याशा उत्पन्नासाठी पन्नास लाखांची वस्तू अडकवून घेण्याचा धोका माझ्यासारख्याने का घ्यावा, हे धोरण आखणाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे. भाडे दुप्पट झाले तरी मी कदाचित घर देणार नाही. पण करार संपल्यावर घर महिन्या-दोन महिन्यांत परत मिळेल अशी खात्री झाली, तर आजच्या भाड्यातही देईन.

जमाखर्च :

मांजलपूरवासींच्या शेवटच्या वाक्यात या विषयाचे मर्म आहे. मी फक्त कराची बाजू सांगतो, कारण तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

पूर्वी एखाद्याची दोन घरे असली आणि दुसरे रिकामे ठेवलेले असले, तरी त्यावर अपेक्षित भाडे मिळाले असे धरून आयकर लागत असे. २०१९-२० या आर्थिक वर्षापासून दोन घरे स्वतःच्या वापराची मानण्याची सवलत मिळाली, आणि दुसरे घर कुलूप लावून ठेवणे करदृष्ट्या फुकट झाले. मध्यमवर्गाला दिलासा देण्याचा हेतू असेल, पण परिणाम असा की भाड्याने दिलेल्या घरावर कर आणि बंद घरावर शून्य. भाडे उत्पन्नातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते हे खरे. तरीही रिकाम्या घराला काहीच द्यावे लागत नसेल, तर मालक भाड्याने देण्याची यातायात करणार नाही.

घर विकत घेणाऱ्याला जुन्या करप्रणालीत व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट आहे. त्याखेरीज २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत व्याजावरील अनुदान होते, ते एका कुटुंबाला जास्तीत जास्त २.६७ लाख रुपयांपर्यंत जात असे. याउलट ज्याला पगारात घरभाडे भत्ता नाही, अशा भाडेकरूला जुन्या प्रणालीत महिना पाच हजारांपर्यंतच वजावट मिळते. नव्या प्रणालीत हा तोल थोडा बदलला आहे, कारण तिथे स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट नाही, परंतु भाड्याने दिलेल्या घराचे व्याज त्या भाड्यातून वजा करता येते. हा बदल भाड्याच्या पुरवठ्याला अनुकूल आहे. मात्र भाडेकरूच्या घरभाडे भत्त्यावरील करसवलतही त्याच प्रणालीत गेली आहे.

फतेहगंजची भाडेकरू :

आतापर्यंतचे तिन्ही प्रतिसाद घरमालकाच्या नजरेतून आहेत, असे मला नम्रपणे नोंदवावेसे वाटते. मी विद्यापीठात संशोधन करते आणि शिक्षणासाठी आल्यापासून भाड्यानेच राहते. मालकाला किल्ली परत न मिळण्याची भीती वाटते, हे पटले. पण आम्हाला अकराव्या महिन्याची भीती वाटते. करार संपत आला की दहा टक्के वाढ, नाहीतर घर सोडा, एवढेच दोन पर्याय असतात. अनामत किती घ्यावी याला धरबंध नाही, आणि सोडताना ती रंगकामाच्या नावाखाली कापली जाते. मालक पावती देत नाहीत, कारण त्यांना उत्पन्न दाखवायचे नसते. त्यामुळे जमाखर्च यांनी सांगितलेली वजावटही आमच्या वाट्याला येत नाही. मुलगी एकटी आहे, मांसाहार करते का, रात्री किती वाजता परत येते, या प्रश्नांतच निम्मी घरे हातची जातात.

पुरवठा वाढावा हे मान्य आहे. पण मालकाला घर लवकर परत मिळावे एवढाच कायदा झाला, तर तो आम्हाला आणखी लवकर बाहेर काढण्याचा कायदा ठरेल. आमच्यासाठी त्यात काय आहे, हे कोणीतरी सांगावे.

रावपुऱ्याचे वकील :

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्यात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी त्याला मंजुरी दिली. तो थेट लागू होत नाही. प्रत्येक राज्याने आपला कायदा करायचा आहे, आणि तसे करणाऱ्या राज्यांत उत्तर प्रदेश आणि आसाम आहेत. राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येणार नाही, करार लेखी हवा आणि तो भाडे प्राधिकरणाकडे नोंदवला पाहिजे, भाडे वाढवायचे तर तीन महिने आधी लेखी सूचना हवी, घरात येण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवले पाहिजे, आणि वाद झाला तरी पाणी-वीज तोडता येणार नाही, अशा तरतुदी त्यात आहेत. मालकाच्या बाजूने महत्त्वाची तरतूद अशी की मुदत संपूनही भाडेकरू घर सोडत नसेल, तर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे द्यावे लागते. भाडे किती असावे, हे मात्र हा कायदा ठरवत नाही. ते दोघांनी ठरवायचे आहे. शिवाय तो पुढे होणाऱ्या करारांसाठी आहे. जुन्या भाडेकरूंना तो हात लावत नाही.

१९४७ च्या कायद्याबद्दलही थोडे स्पष्ट करतो. त्यात मालकाला कधीच घर मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळाचे भाडे थकणे आणि नोटीस देऊनही ते न भरणे, मालकाची खरीखुरी व वाजवी गरज, घर सहा महिने विनाकारण बंद ठेवणे, पोटभाडेकरू ठेवणे, भाडेकरूने दुसरीकडे योग्य घर मिळवणे, ही सर्व कारणे कायद्यात आहेत. अडचण कारणांची नाही, वेळेची आहे. लघुवाद न्यायालयात दावा, मग जिल्हा न्यायालयात अपील, मग अहमदाबादला उच्च न्यायालयात फेरतपासणी, एवढ्या पायऱ्या चढेपर्यंत मूळ पक्षकार कधीकधी हयात नसतात, आणि भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जातो. शहराच्या ज्या भागात अशांत धारा (अशांत घोषित भागांतील मालमत्तेच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा) लागू आहे, तिथे विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. म्हणून जुना भाडेकरू असलेले घर मालकाला ना सुधारता येते, ना सहज विकता येते.

मुक्काम पुणे :

मूळचा बडोद्याचा, आता बरीच वर्षे पुण्यात आहे. एकाच कायद्याच्या दोन वाटा कशा झाल्या, ते इथे राहून पाहिले, म्हणून लिहितो.

महाराष्ट्रात मालकांची भीती सर्वांत जास्त वाढली ती १९७३ साली. भाडे कायदा टाळण्यासाठी मुंबईतले मालक 'लिव्ह अँड लायसन्स'ने, म्हणजे भाडेकरार न करता ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याने, घरे देत असत. सरकारने दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा घरात राहणाऱ्यांना संरक्षित भाडेकरू ठरवले. जे त्या दिवशी घरात होते त्यांचे भले झाले. जे त्यानंतर घर शोधायला निघाले, त्यांच्यासाठी दारे बंद झाली. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. पुण्यात आज हा करार घरी बसून, अंगठ्याचा ठसा देऊन ऑनलाईन नोंदवला जातो. घर अडकेल म्हणून बंद ठेवले आहे, असे म्हणणारा मालक मला इथे क्वचितच भेटतो.

पण म्हणून पुण्यात भाडी कमी आहेत, असे कोणी समजू नये. कंपन्या वाढल्या, माणसे आली, भाडी चढली. बंद घरे उघडणे आणि पुरेशी घरे बांधणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्याने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

वाडीकर :

मी त्या पावतीपुस्तकातल्या माणसांपैकी आहे. आमचे कुटुंब वाडीतल्या एका जुन्या घरात तीन पिढ्या भाड्याने राहते, आणि जुना भाडेकरू म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता बळकावणारा, असा सूर ऐकला की वाईट वाटते. मालकांनी दुरुस्ती थांबवली तेव्हा कौले आम्ही बदलली, मोरीची फरशी आम्ही घातली, मीटर आम्ही वेगळे घेतले. नंतर त्यांनी भाडे घेणेच बंद केले, म्हणजे पुढे थकबाकीचा दावा लावता येईल. तेव्हापासून वडील दर महिन्याला मनीऑर्डर करत आणि ती 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत येई. तो प्रत्येक कागद आम्ही पत्र्याच्या पेटीत जपला आहे, कारण आम्ही भाडे द्यायला तयार होतो, याचा तेवढाच पुरावा.

भाडे वाढवू नये, असे माझे म्हणणे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात प्रमाण भाडे असे वर्षानुवर्षे गोठवून ठेवणे अवाजवी ठरवले, ते आम्हालाही पटते. महाराष्ट्राने नंतर दरवर्षी चार टक्के वाढीची तरतूद केली, तशी इथे व्हावी. पण बाजारभावाला एका फटक्यात नेले, तर माझ्या आईसारख्या, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईने कुठे जावे? नव्या घरांची भीती घालवण्यासाठी जुन्यांना उघड्यावर आणायची गरज नाही.

दांडियाबाजारकर :

वाडीकर, तुमचे म्हणणे पूर्ण मान्य. आमच्या वाड्यातील भाडेकरूंशी आमचा घरोबा होता आणि आहे, माझा आक्षेप कायद्याच्या रचनेला आहे. वकीलसाहेबांनी म्हटल्याप्रमाणे जुने करार वेगळे ठेवून नव्यांसाठी नवा कायदा करता येतो, आणि तसाच तो करावा.

भाड्यावर नवी कमाल मर्यादा घालावी, अशी सूचना कोणी करण्याआधी सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण पाहावे. तिथे १९९४ मध्ये छोट्या जुन्या इमारतींनाही भाडे नियंत्रण लावले गेले. स्टॅनफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की त्या इमारतींतील भाडेकरू आपल्या घरात जास्त काळ टिकले, म्हणजे त्यांना लाभ झालाच. पण मालकांनी भाड्याची घरे विक्रीकडे किंवा पुनर्बांधणीकडे वळवल्यामुळे तिथला भाड्याचा पुरवठा १५ टक्क्यांनी घटला आणि शहरभरात भाडी सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. संरक्षणाची किंमत पुढच्या भाडेकरूने मोजली. मुंबईत १९७३ नंतर जे झाले, तेच तिथे मोजमाप करून दिसले.

मात्र बाजार मोकळा केला की सर्वांना घर मिळेल, असेही मी मानत नाही. पन्नास लाखांचे बंद फ्लॅट उघडले, तर फतेहगंजच्या ताईंसारख्यांची सोय होईल. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्याची होणार नाही. त्याच्यासाठी सरकारलाच भाड्याची घरे बांधावी लागतील. व्हिएन्ना शहराची स्वतःच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत आणि ती शंभर वर्षांपासून भाड्याने दिली जातात, विकली जात नाहीत. आपल्याकडे सरकारी घर म्हणजे सोडतीत लागणारे मालकीचे घर, एवढीच कल्पना रुजली.

तरसालीचा कामगार :

मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कामाला आहे. आमच्या खोलीत आम्ही चौघे राहतो, भाडे माणशी द्यावे लागते, करार नाही, पावती नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत गावी गेलो, तेव्हा कामगारांसाठी भाड्याची घरे होणार, असे ऐकले होते. त्याचे पुढे काय झाले?

दांडियाबाजारकर :

दादा, ती परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना. जुलै २०२० मध्ये केंद्राने ती मंजूर केली. पूर्वीच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत बांधून रिकामी पडलेली सुमारे ८३ हजार घरे भाड्याने द्यायची, असा तिचा पहिला भाग होता. प्रत्यक्षात त्यांतील साडेपाच हजारांच्या आसपास घरे या कामी आली. गुजरातेत सुरत, अहमदाबाद आणि राजकोट इथे ती दिली गेली. दुसरा भाग कारखानदार आणि संस्थांनी स्वतःच्या जमिनीवर बांधण्याचा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याची घरे हा चार घटकांपैकी एक अधिकृत घटक आहे, म्हणजे दार बंद झालेले नाही. मकरपुऱ्यात जमीन औद्योगिक महामंडळाची आहे आणि कामगार शेजारीच आहेत, त्यामुळे अशा संकुलासाठी याहून योग्य जागा बडोद्यात शोधावी लागणार नाही.

आपल्या सर्वांच्या मतांवरून राज्याच्या नगरविकास विभागाला पाठवण्यासाठी निवेदन तयार करतो. पुढील करारांसाठी आदर्श कायद्याच्या धर्तीवर गुजरातचा कायदा आणि ठरलेल्या मुदतीत निकाल देणारे प्राधिकरण, अनामतीला दोन महिन्यांची मर्यादा, जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात टप्प्याटप्प्याने वाढ, आणि मकरपुऱ्यात भाड्याचे संकुल, एवढे चार मुद्दे घेत आहे.

फतेहगंजची भाडेकरू :

पावतीचा मुद्दा राहिला. बँकेतून भाडे दिले तर वेगळ्या पावतीची गरज पडू नये, आणि रोखीने घेतले तर पावती देणे मालकावर बंधनकारक असावे, असे लिहावे. आणि करार संपल्यावर नूतनीकरण करायचे नसेल, तर मालकाने किमान दोन महिने आधी लेखी कळवावे, हेही घालावे.

मांजलपूरवासी :

दोन्ही अटी मला मान्य आहेत. उलट दोन महिने आधी कळवण्याचे बंधन भाडेकरूवरही असावे, म्हणजे घर मधल्या काळात रिकामे पडत नाही.

रावपुऱ्याचे वकील :

आदर्श कायद्यात पावतीची तरतूद आहेच, आणि बँकेतून भरणा केला असेल तर बँकेची नोंद पुरावा मानली जाते. तेव्हा तो मुद्दा सहज घेता येईल. सूचनेची मुदत दोघांनाही सारखी ठेवा. निवेदनात 'जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात टप्प्याटप्प्याने वाढ' एवढेच मोघम लिहू नका. वाढीचा वार्षिक दर लिहा, आणि वाढीव भाड्यातून दुरुस्ती करण्याची जबाबदारी मालकावर टाका, नाहीतर वाडीकरांचे भाडे वाढेल आणि टेकू तसेच राहतील. मसुदा तयार झाला की इथेच टाका, कलमे मी तपासून देतो.